विमानाचं अंतर आणि वेळ: तिकीट काढायच्या आधी एवढं बघून ठेवा

सगळ्यात आधी कुठल्या एअरपोर्टवरून कुठल्या एअरपोर्टला जायचंय ते बघा, नुसती शहरांची नावं टाकून अंतर शोधू नका, कारण लंडनलाच हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे कितीतरी आहेत आणि टोकियोचा नारिता तर शहरापासून साधारण ६० किलोमीटर लांब आहे, म्हणजे उतरल्यावर अजून एक प्रवास बाकीच.

मग अंतर. तो आकडा बहुतेक वेळा पृथ्वीच्या गोलावरून मोजलेला असतो, सपाट नकाशावर पट्टी ठेवून नाही, त्यामुळे सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान उगाच उत्तरेकडून फिरून चाललंय असं वाटलं तरी बऱ्याचदा तोच जवळचा रस्ता असतो. आकडा मैलात असेल तर कुठला मैल ते बघा, साधा १.६ किलोमीटरचा आणि नॉटिकल १.८५२ चा.

वेळेचा अंदाज घरी काढायचा तर किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा, कारण चढताना-उतरताना विमान हळू असतं. हे जेटचं झालं, पंख्याचं छोटं एटीआर असेल तर ५०० ने भागा.

जाण्याची वेळ येण्यालाही धरू नका! वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर तेवढंच, पण जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सातच्या. जुन्या माहितीवरही विसंबू नका, २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपातल्या कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेलं.

आता खरी गंमत घड्याळाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते, तेव्हा सरळ वजाबाकी करायची नाही, दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या एकाच प्रमाणवेळेत, न्यायच्या. समजा निघायचं रात्री १० ला जिथे घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि पोचायचं सकाळी ९ ला जिथे ते नऊ तास पुढे आहे, तर वाटतं अकरा तास पण असतात साडेसातच. वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ दिसलं तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची, हॉटेल त्याच तारखेचं घ्या. मार्चमध्ये जाणार असाल तर अजून एक भानगड, अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, मधल्या दिवसांत दोघांतला फरक एक तासाने बदललेला असतो.

डायरेक्ट लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, मध्ये थांबा असूनही फ्लाइट नंबर तोच राहिला की डायरेक्टच म्हणतात, तुम्हाला हवं ते नॉनस्टॉप.

आणि हो, छापलेली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, रनवेकडे जाणं-येणं त्यात धरलेलं असतं पण इमिग्रेशनची रांग आणि बॅगेची वाट बघणं नसतं, तर घ्यायला येणाऱ्याला नुसती वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर पाठवा आणि बाहेर यायला तास-दीड तास लागेल हेही कळवून टाका.