वॉटर कूलिंगच्या संगणकात हवेची वाट कशी आखावी

वॉटर कूलिंग बसवलं की पंख्यांकडे फारसं बघावं लागत नाही, असा अनेकांचा समज असतो. पण पाणी उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता उचलून ते रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ धातूच्या पात्यांच्या जाळीपर्यंत नेतं, आणि तिथून पुढे ती हवेलाच वाहून न्यावी लागते. त्यामुळे रेडिएटर किती मोठा घ्यायचा याच्याही आधी गरम हवा कुठून बाहेर जाणार, हे ठरवायला हवं.

सुरुवात कागदावर करा. कॅबिनेट बाजूने काढा: पुढची जाळी, छत, मागची बाजू, तळ. पंखा बसू शकेल अशा प्रत्येक जागी बाण काढा, हवा आत की बाहेर. बहुतेक कॅबिनेटमध्ये पुढून आणि तळातून आत, मागून आणि वरून बाहेर हा साधा रस्ता उत्तम चालतो. गरम हवा आपोआप वर चढते यावर फार विसंबू नका. पंख्यांच्या जोरापुढे तो परिणाम अगदीच किरकोळ असतो.

आता खरा प्रश्न, रेडिएटर पुढे लावायचा की छताला? पुढे लावून हवा आत ओढली तर त्याला खोलीतली गार हवा मिळते आणि प्रोसेसर थंड राहतो. पण तीच हवा तापून कॅबिनेटमध्ये शिरते. हिशेब करून बघा. मिनिटाला दीड घनमीटर हवा वाहत असेल आणि रेडिएटर १५० वॅट उष्णता सोडत असेल, तर ती हवा साधारण ५ अंशांनी तापते. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला मग ही तापलेली हवा येते.

माझ्या एका जोडणीत नेमकं हेच झालं होतं. ३६० मिलिमीटरचा रेडिएटर पुढे होता आणि प्रोसेसरचे आकडे बघून मी खूश होतो. गेम सुरू केला की मात्र कार्डाचे पंखे घोंगावायला लागायचे. बाजूची काच काढून कार्डासमोर तळहात धरला, तर पुढून येणारी हवा चक्क कोमट लागली. रेडिएटर छताला हलवला आणि पुढे नुसते पंखे ठेवले. प्रोसेसर थोडा जास्त तापू लागला, पण कार्ड शांत झालं. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: गेमसाठीच्या संगणकात रेडिएटर छताला, हवा बाहेर फेकणारा. प्रोसेसरलाच तासन्‌तास राबवणारं काम असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ रेंडर करणं (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणं), तर पुढची जागा योग्य. ग्राफिक्स कार्डही पाण्यावर असेल तर आत गार हवा लागणारं थोडंच उरतं, पण रॅम, एसएसडी आणि मदरबोर्डवरचे वीजपुरवठ्याचे भाग पाण्यावर नसतात. त्यांच्या अंगावरून झुळूक जायलाच हवी.

जागा ठरवताना पाणी फिरवणाऱ्या पंपाचाही विचार करा. कारखान्यातूनच पाणी भरून बंद करून येणाऱ्या तयार कूलरमध्ये थोडी हवा अडकलेली असतेच, आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा रेडिएटरची असावी, पंपाची नव्हे. पंप प्रोसेसरवर असेल तर रेडिएटर तळाला लावू नका. पुढे लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच आहे ना, हे पाहा. छताला लावण्याआधी मोजपट्टी घ्या. पंख्याची जाडी सहसा २५ मिलिमीटर असते, त्यात रेडिएटरची जाडी मिळवा आणि खाली रॅमच्या काड्यांना जागा उरते का ते बघा.

मग पंखे निवडा. रेडिएटरच्या दाट पात्यांमधून हवा ढकलायची तर जास्त दाब देणारे पंखे लागतात. मोकळ्या जाळीवर नुसती भरपूर हवा सोडणारे चालतात. बसवताना दिशा चुकू नये म्हणून पंख्याची चौकट नीट बघा. ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. रेडिएटरच्या कडेला फट राहिली असेल तर फोमच्या पट्टीने बंद करा, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि पात्यांना टाळून निघून जाते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडकते. इथे नुसती पंख्यांची संख्या मोजून भागत नाही. रेडिएटरमागचा पंखा मोकळ्या पंख्यापेक्षा कमी हवा हलवतो, आणि धुळीने भरलेल्या जाळीमागचाही तसाच. छताच्या अगदी पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा सुटा पंखा मात्र शक्यतो लावू नका. पुढून आत आलेली गार हवा काही थंड करण्याआधीच तो बाहेर काढतो.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधला तर ते सारखे वर-खाली होत राहतात, कारण प्रोसेसर क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. पाणी मात्र सावकाश तापतं. कूलर पाण्याचं तापमान दाखवत असेल तर रेडिएटरच्या पंख्यांचा वेग त्यावर बांधा. नसेल तर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा उशीर घाला. पंप एकाच स्थिर वेगाने चालू द्या.

शेवटी तपासणी. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून प्रत्येक जाळीसमोर बाहेरून धरा. हवा आत ओढली जात असेल तिथे ती जाळीला चिकटते, बाहेर जात असेल तिथे फडफडत दूर होते. कागदावरच्या बाणांशी हे जुळवून बघा. त्यानंतर तुमचं नेहमीचं जड काम किमान अर्धा तास चालवा, कारण त्याआधी पाणी पुरतं तापलेलंच नसतं. नोंद करताना खोलीचं तापमान वजा करा, नाहीतर दुपारचे आणि रात्रीचे आकडे कधीच जुळणार नाहीत. मग काम चालू असतानाच बाजूची काच काढा आणि आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापमान चांगलंच उतरलं तर समजा, आत पुरेशी हवा येत नाही. अशा वेळी नवीन पंखा आणण्याआधी पुढची जाळी काढून धुवा, आणि जाळीऐवजी बंद काच असेल तर तिच्या कडेच्या फटी मोकळ्या आहेत का ते तपासा.