लॅपटॉपचा चार्जिंग जॅक घरी बदलताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरचा एक पोरगा लॅपटॉप उघडाच पिशवीत घालून बेळगावला माझ्याकडे आला. "काका, जॅक निघेना म्हणून पकडीनं ओढला, तर खालचं तांबंच उपटलं की!" २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पंधरा मिनिटं टेकवून ठेवलं होतं म्हणे. भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर जॅकच्या पायाला चिकटून बाहेर आलं होतं. जॅक किरकोळ किमतीचा, पण बारीक वायर टाकून तो मदरबोर्ड चालू करायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

जॅकचा मायनसचा पाय बोर्डातल्या रुंद तांब्याला जोडलेला असतो. तुम्ही दिलेली उष्णता ते तांबं पिऊन टाकतं. शिवाय कंपनीचं बिनशिशाचं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, आपलं ६३/३७चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ला. म्हणून मी आधी प्रत्येक पायावर फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावतात ते रसायन) आणि नवीन शिशाचं सोल्डर चढवतो. दोन्ही मिसळली की डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, लवकर सैल होतो. आयर्न ६० वॅटचं, टोक जाड. जॅक बोटाच्या हलक्या धक्क्यानं हलला नाही, तर पुन्हा तापवायचं. ओढायचं नाही म्हणजे नाही!

दुसरी चूक याहून जास्त दिसते: चार्जर न तपासताच स्क्रू काढायला बसणं. चार्जरवर १९.५ व्होल्ट लिहिलेत ना, मग मल्टीमीटर लावा आणि पिनेजवळची वायर हलवून बघा. आकडा नाचला तर वायर तुटलीय, जॅक ठणठणीत आहे. डेल, एचपीच्या बऱ्याच चार्जरांत मधोमध बारीक पिन असते. ती वाकली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. लोक मात्र बॅटरीच बदलून मोकळे होतात.

कितीतरी मॉडेलांत जॅक बोर्डावर नसतोच, वायरीच्या टोकाला असतो. प्लग काढा, नवीन लावा, सोल्डरचं कामच नाही. आयर्न तापवायच्या आधी एवढं बघायला काय जातं?

बॅटरीचा प्लग सगळ्यात आधी काढा.

पत्र्याच्या डागाची आम्लाची पेस्ट बोर्डाला लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तांबं हिरवं पडतं.

टाइप-सीच्या जॅकला २४ पिना असतात. तो घरी करू नका.

चार्जर जोडण्याआधी जॅकच्या प्लस-मायनसमध्ये मल्टीमीटरचा बझर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) लावून बघा. क्षणभर वाजून थांबला तर चालेल. वाजतच राहिला, तर चार्जर लावायचा नाही, डाग पुन्हा तपासायचे.