पुरस्कारांचे भाकीत आणि कलावंतांची राजकीय भाषणे : या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिमग्याच्या आगेमागे, रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत जिथे जिथे सिनेमावर प्रेम करणारी चार माणसे एकत्र बसतात, तिथे दोन चर्चा हमखास होतात. यंदाचे ऑस्कर कोणाला मिळेल, ही पहिली; आणि पुरस्कार घेताना अमुक कलावंत जे बोलला ते त्याने बोलायला हवे होते का, ही दुसरी. दोन्ही चर्चा मनापासून होतात आणि दोन्ही बहुधा एकाच कारणाने बिघडतात : आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे बोलणाऱ्याने ठरवलेले नसते. ‘कोणी जिंकावे’ याचे उत्तर ‘कोण जिंकेल’ म्हणून सांगितले जाते, आणि ‘मला ते मत पटले नाही’ एवढेच म्हणायचे असताना ‘त्याला बोलण्याचा अधिकारच नव्हता’ असे म्हटले जाते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या गोंधळातून निघतात.

परीक्षक आणि मतदार यांत गल्लत

आपल्याकडे निकाल म्हटला की डोळ्यांसमोर परीक्षक येतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रावर मोजके परीक्षक सगळी नाटके पाहतात, आपसांत चर्चा करतात आणि निर्णय देतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही याच जातीचे आहेत. तिथे प्रादेशिक आणि केंद्रीय अशा दोन टप्प्यांवर परीक्षक मंडळे बसतात आणि त्यांतील माणसे दरवर्षी बदलतात. त्यामुळे अन्य पुरस्कारांचे निकाल मांडून राष्ट्रीय पुरस्काराचे भाकीत करणे व्यर्थ आहे, कारण मागच्या मंडळाची आवड नव्या मंडळाला बांधून ठेवत नाही. शिवाय हे पुरस्कार त्या त्या वर्षी सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांसाठी असतात आणि जाहीर बऱ्याच उशिरा होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेले ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार २०२३ च्या चित्रपटांचे होते. चालू वर्षी गाजलेल्या चित्रपटाचे नाव घेऊन पैज लावणारा माणूस चुकीच्या यादीतूनच निवड करत असतो.

ऑस्करला परीक्षक मंडळ नसते. तिथे पुरस्कार देणाऱ्या अमेरिकी चित्रपट अकादमीचे दहा हजारांच्या आसपास सदस्य मत देतात. नामांकनाच्या वेळी बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे लोक मत देतात, म्हणजे अभिनेते अभिनेत्यांना आणि छायाचित्रकार छायाचित्रकारांना निवडतात. अंतिम फेरीत मात्र सर्व शाखांचे सदस्य सर्व विभागांत मत देऊ शकतात. हे सदस्य एकत्र बसून चर्चा करत नाहीत, कोणाची समजूत घालत नाहीत. म्हणून ‘त्यांनी या वर्षी अमक्याला न्याय द्यायचे ठरवले’ असे वाक्य ऐकले की थांबावे. ठरवणारे असे कोणी तिथे नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी वेगळी आहे

भाकीत करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि कोकणातल्या वाचकाने ती करण्याचे खरे तर कारण नाही. कोकण पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांना १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिण्याची पद्धत ठाऊक आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची अंतिम मोजणी २००९ च्या चित्रपटांपासून जवळपास तशीच होते. मतदार नामांकित चित्रपटांना क्रम देतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कोणी तरी निम्म्याचा टप्पा ओलांडेपर्यंत हे चालू राहते. बाकीच्या विभागांत मात्र ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी.

याचा परिणाम दूरवर जातो. अनेकांना अतिशय आवडलेला पण तितक्याच जणांनी तळाशी टाकलेला चित्रपट दिग्दर्शनाचा किंवा अभिनयाचा पुरस्कार नेऊ शकतो, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर सर्वांना चालणारा चित्रपट त्याला मागे टाकतो. २०२२ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकने होती आणि त्याला मिळाला तो फक्त दिग्दर्शनाचा पुरस्कार; ‘कोडा’ला तीन नामांकने होती आणि तीनही पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही. २०१७ मध्ये १४ नामांकने घेऊन आलेला ‘ला ला लँड’ ‘मूनलाइट’पुढे हरला. नामांकने मोजून विजेता सांगण्याची सवय ज्यांनी सोडलेली नाही, त्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत. ‘कोडा’ ज्यांनी ओळखला, त्यांनी निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार पाहिला होता, आणि ते योग्यच होते, कारण त्या संघटनेची मोजणीही पसंतीक्रमाचीच आहे.

प्रवेशिका, पात्रता, लघुयादी आणि नामांकन

हे चार शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून निष्कारण अपेक्षाभंग होतो. प्रत्येक देश आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी एकच प्रवेशिका पाठवतो. भारताची प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. त्यांतून १५ चित्रपटांची लघुयादी निघते आणि मग पाच नामांकने होतात. भारताला या विभागात आजवर तीनच नामांकने मिळाली आहेत : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. कोकणातल्या आजोबा-नातवाची गोष्ट सांगणारा ‘श्वास’ राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला आणि २००४ मध्ये भारताची प्रवेशिका म्हणून गेला. ही मोठीच गोष्ट होती, तरी त्याला नामांकन मिळाले नव्हते. आजही तसे लिहिलेले वाचायला मिळते आणि ते दुरुस्त करायला हवे. त्या चित्रपटाचे मोल नामांकनावर अवलंबून नाही.

‘अमुक भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ हा मथळा दर जानेवारीला येतो. त्यामागे बहुधा पात्र चित्रपटांची यादी असते. ठरावीक अटी पूर्ण करून अर्ज केला की चित्रपट त्या यादीत येतो, आणि तिच्यात तीनशेच्या आसपास नावे असू शकतात. तसेच, ‘आरआरआर’ ही भारताची प्रवेशिका नव्हती. त्या वर्षीची प्रवेशिका गुजराती ‘छेल्लो शो’ होती. ‘आरआरआर’ निर्मात्यांनी स्वतंत्रपणे अन्य विभागांत उतरवला आणि ‘नाटू नाटू’ या गाण्याला २०२३ मध्ये पुरस्कार मिळाला.

आधीचे पुरस्कार वाचताना तारखा पाहा

गोल्डन ग्लोब, ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा, अमेरिकी अभिनेत्यांच्या संघटनेचा सॅग पुरस्कार (२०२६ पासून त्याचे नाव ‘अॅक्टर अवॉर्ड्स’ झाले) हे सगळे एकाच तराजूत टाकू नयेत. अभिनेत्यांची शाखा अकादमीतली सर्वांत मोठी शाखा आहे, त्यामुळे सॅगला महत्त्व आहे. बाफ्टाचे काही मतदार अकादमीचेही सदस्य असतात. गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार असतात. २०२१ मध्ये दिवंगत चॅडविक बोसमन यांना गोल्डन ग्लोब आणि सॅग मिळाले होते, आणि आयोजकांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मुद्दाम अखेरीस ठेवला. पुरस्कार मिळाला बाफ्टा विजेते अँथनी हॉपकिन्स यांना, आणि ते तिथे हजरही नव्हते. २०१९ मध्ये ऑलिव्हिया कोलमन आणि २०२४ मध्ये एमा स्टोन यांच्याबाबत बाफ्टानेच योग्य दिशा दाखवली. त्यावरून बाफ्टा म्हणजे कायमचा नियम असे समजू नये : २०२३ मध्ये बाफ्टा केट ब्लँचेट यांना होता, सॅग मिशेल यो यांना, आणि ऑस्कर यो यांना मिळाले.

याहून महत्त्वाची बाब तारखांची. २०२५ मध्ये ऑस्करचे मतदान १८ फेब्रुवारीला संपले आणि सॅग सोहळा २३ फेब्रुवारीला झाला. त्या सोहळ्यातल्या विजयाने किंवा भाषणाने ऑस्करचा एकही मतदार हलणे शक्य नव्हते. तो निकाल मतदारांच्या मनाचा अंदाज म्हणून उपयोगी होता, कारण म्हणून नव्हे. डेमी मूर यांना त्या रात्री सॅग मिळाला आणि ऑस्कर मायकी मॅडिसन यांना. हा अंदाज आणि कारण यांतला फरक भाषणांच्या चर्चेतही उपयोगी पडतो.

भाकीत चुकले, तर काय तपासावे

पहिली प्रतिक्रिया ‘सेटिंग झाले’ अशी असते. तसे म्हणण्याआधी आपण काय धरून चाललो होतो ते पाहावे. त्यासाठी भाकीत निकालाआधी, कारणासह, लिहून ठेवावे लागते; सोमवारी सकाळी निकाल कळल्यावर ‘मला वाटलेच होते’ म्हणणे फार सोपे असते. कारण लिहिलेले असले की चूक सापडते : नामांकने मोजली का, आवडीला अंदाज समजलो का, पसंतीक्रमाची मोजणी विसरलो का. आणि खात्री किती होती तेही लिहावे. दहांत सहा वेळा खरे ठरेल असे वाटणारे भाकीत चार वेळा चुकणारच. तेव्हा चुकलेले प्रत्येक भाकीत चुकीच्या विचाराचे नसते.

भाषण पूर्ण ऐकल्याशिवाय वाद घालू नका

आता भाषणांकडे. १० मार्च २०२४ रोजी ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’साठी पुरस्कार घेताना दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर जे बोलले, त्याचा आशय असा होता की आपले ज्यू असणे आणि ज्यूंचा वंशसंहार यांचा वापर पॅलेस्टिनी भूभागावरील इस्रायलच्या ताब्याच्या समर्थनासाठी होऊ देण्यास आम्ही नकार देतो. वाक्य लांब होते. अनेकांनी ते मधेच तोडून पसरवले, आणि त्या तुकड्यातून ग्लेझर आपले ज्यू असणेच नाकारत आहेत असा अर्थ निघाला. पुढे त्यांच्या विरोधात आणि समर्थनातही ज्यू कलावंतांची पत्रे निघाली. पूर्ण वाक्य वाचूनही त्यांच्याशी असहमत होता येते, आणि अनेक जण झाले. पण तुकडा वाचून झालेली असहमती वेगळ्याच माणसाशी असते. आपल्यापर्यंत हे बोलणे दहा-पंधरा सेकंदांच्या चित्रफितीतून आणि घाईच्या मराठी अनुवादातून व्हॉट्सअॅपवर येते, म्हणून मूळ भाषण शोधण्याचे श्रम आपल्याला अधिक घ्यावे लागतात.

कधी मंचावरचे शब्द हेही पूर्ण म्हणणे नसते. १९७३ मध्ये मार्लन ब्रँडो यांनी, हॉलिवूडने केलेल्या अमेरिकी मूलनिवासींच्या चित्रणाचा निषेध म्हणून, पुरस्कार नाकारण्यासाठी सॅशीन लिटलफेदर यांना पाठवले, तेव्हा ब्रँडो यांचे लांबलचक पत्र वाचायला त्यांना वेळ दिला गेला नाही. ते नंतर वृत्तपत्रात छापून आले. अकादमीने लिटलफेदर यांच्याशी झालेल्या वागणुकीबद्दल २०२२ मध्ये माफी मागितली. त्याच वर्षी लिटलफेदर यांच्या निधनानंतर त्यांच्या बहिणींनी त्यांचा मूलनिवासी वंशाचा दावा खोटा असल्याचे सांगितले. इथे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही खरे आहेत. बोलणाऱ्याला त्या समाजाच्या नावाने बोलता येत होते का, हा एक. आणि हॉलिवूडने मूलनिवासींचे जे चित्रण केले त्याविषयीची तक्रार योग्य होती का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचा निकाल लावत नाही.

भाषणामुळे पुरस्कार मिळाला किंवा गेला, असे म्हणताना

मायकल मूर २३ मार्च २००३ रोजी, इराक युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, मंचावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर बोलले, आणि सभागृहात टाळ्याही होत्या, हुर्योही होती. पण त्यांच्या माहितीपटाला मिळालेली मते त्याआधीच मोजली गेली होती. मंचावरचे भाषण त्या रात्रीचा निकाल बदलू शकत नाही, हे साधे सत्य वादाच्या भरात हरवते. मतदानाच्या आधी जे बोलले जाते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. २०२५ मध्ये ‘एमिलिया पेरेझ’ला १३ नामांकने होती, नामांकनांनंतर, मतदान व्हायच्या आधी, मुख्य अभिनेत्रीची जुनी वादग्रस्त विधाने बाहेर आली, आणि चित्रपटाला अखेर दोन पुरस्कार मिळाले. घटनांचा क्रम असा असला, तरी त्या विधानांमुळेच पुरस्कार गेले असे सिद्ध होत नाही. उलट उदाहरणही आहे : १९७८ मध्ये व्हेनेसा रेडग्रेव्ह यांच्या पॅलेस्टाइनविषयक भूमिकेविरुद्ध सोहळ्याबाहेर निदर्शने चालू होती, तरी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

‘कलावंताने राजकारण बोलू नये’

हे मत मांडण्याचा हक्क सर्वांना आहे, पण ते मांडताना ती मराठी परंपरा असल्याचे सांगू नये, कारण तसे नाही. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांतून बोलले. या दोघांचे कौतुक करणाऱ्याने आजच्या कलावंताला केवळ कलावंत असल्यामुळे गप्प बसवायचे असेल, तर फरक कोणता ते सांगावे लागेल. फरक असू शकतो : विषयाचा अभ्यास, पत्करलेला धोका, प्रसंगाचे औचित्य. त्यांवर बोलावे.

तपासणीचा एक उपाय मी चर्चेत नेहमी सुचवतो. तेच भाषण, तितक्याच आवेशात, तितकाच वेळ, पण आपल्या नावडत्या पक्षाऐवजी आवडत्या पक्षाविरुद्ध झाले असते, तर आपण औचित्याविषयी हेच म्हटले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपला आक्षेप औचित्यावर नसून मतावर आहे, आणि मग मतावरच, पुराव्यानिशी, वाद घालावा. तो वाद अधिक कठीण असतो, कारण त्यासाठी इराक, गाझा किंवा आणीबाणी यांविषयी वाचावे लागते. पण रत्नागिरीच्या वाचनालयात काय किंवा कणकवलीच्या नाक्यावर काय, ऐकण्यासारखा वाद तोच असतो.