माकडतापाचा माग: रानातल्या गोचिडी कशा गोळा कराव्यात

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा आजार. त्याचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो १९५७ साली. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरत होती, भोवतालच्या गावांत तापाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू वेगळा काढला. पुढची कित्येक दशके हा आजार शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांचाच मानला गेला. मग २०१२ पासून निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातली सत्तरी, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातले दोडामार्ग. विषाणू सरकत इथवर आला, की इथे होताच आणि कोणी शोधला नव्हता? रुग्णाच्या रक्तातून याचे अर्धेच उत्तर मिळते, कारण माणसाकडून हा विषाणू पुढे जात नाही. उरलेले अर्धे रानातल्या गोचिडींत असते.

पहिली चूक होते ती गोठ्यात. गाईच्या अंगावरून चार गोचिडी काढून पाठवल्या की काम झाले, असे अनेकांना वाटते. गोठ्यातली ती नेहमीची गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, आयुष्यभर एकाच जनावरावर राहते. माकडतापाची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा वेगळी. ती तीन यजमानांवर जगते: सहा पायांची अळी एकदा रक्त पिऊन खाली पडते, कात टाकून आठ पायांचा निम्फ होते, निम्फ दुसऱ्या प्राण्यावर चढतो, पुन्हा खाली पडतो, प्रौढ गोचीड तिसऱ्यावर, बहुधा रानात चरणाऱ्या गुरांवर. अळी आणि निम्फ उंदीर, चिचुंद्री, पक्षी, वानर, केलडी माकडे यांच्यावर पोसतात. माणसाला चावतो तो मुख्यतः निम्फ, आणि आपल्याला हवा तोही निम्फच. गोचिडी गोळा करायला रानात गवतावरून कापड ओढतात; त्यावर आलेल्या निम्फाने अळी असताना एकदा रक्त प्यायलेले असते आणि त्या वेळी शिरलेला विषाणू कात टाकल्यावरही अंगात टिकतो. म्हणजे निम्फ तपासताना आपण त्याने आधी गाठलेल्या प्राण्याची खबर घेत असतो.

निम्फ डिसेंबरपासून मेपर्यंत मिळतात. काजूच्या बागांत माणसे असतात तेही हेच दिवस. पावसाळ्यात शून्य निम्फ आले म्हणून जागा निर्धोक ठरत नाही, तेव्हा प्रौढ गोचिडींचा हंगाम असतो.

वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. अभयारण्यात तर तिच्याशिवाय पाऊल टाकू नये. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, वनविभागाला आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. जागा मात्र नकाशावर नक्की टिपा. माकड मेले की अंगावरच्या गोचिडी तिथेच पडतात, पोट भरलेल्या अळ्या काही आठवड्यांनी निम्फ होऊन वर येतात, त्यामुळे ते ठिकाण बराच काळ धोक्याचे राहते. विल्हेवाट झाल्यानंतर तिथे पुन:पुन्हा कापड ओढणे हा या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याच्या जोडीला गुरांची पायवाट, काजूच्या बागेची कड आणि जिथे काहीच घडलेले नाही असा रानाचा एक तुकडा घ्या. तो शेवटचा तुकडा वगळायचा मोह होतो, पण तुलना त्याच्याशीच करायची असते.

साहित्य साधे आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद पांढरे फ्लॅनेल; सुती चादर चालत नाही, लव असलेल्या कापडालाच गोचीड पाय रोवते. पुढच्या कडेला बांबूची काठी शिवून दोन्ही टोकांना सुतळी बांधा. मागच्या कडेला मासेमारीच्या जाळ्याला लावतात तशी शिशाची लहान वजने लावा, नाहीतर कापड गवतावरून तरंगत जाते. दाट झुडपांत ओढता येत नाही. तिथे असेच कापड काठीला झेंड्यासारखे लावून पाल्यावरून फिरवा. मात्र त्या नोंदी वेगळ्या ठेवा, दोन्ही पद्धतींचे आकडे एकत्र करू नयेत.

अंगात फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात गमबूट, पँट मोज्यांत खोचलेली, घोट्याभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. गोचिडींना दूर ठेवणारे तेल बुटांना आणि पायांना लावा, पण त्याच हातांनी कापड धरू नका. कापडाला तेलाचा वास लागला की त्या दिवशी गोचिडी कमी भरतात आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

दव वाळल्याशिवाय सुरुवात करू नका. ओल्या कापडाला गोचीड धरत नाही. ऊन चढले की गोचिडी पाचोळ्यात खाली उतरतात, तेव्हा दुपारच्या आत काम संपवा. कापड सावकाश ओढा आणि दर १० मीटरवर थांबून दोन्ही बाजू तपासा. लांब ओढत गेलात तर चढलेल्या गोचिडी काट्याकुट्यात घासून पडतात. १०० मीटर झाले की १०० चौरस मीटर क्षेत्र झाले. नोंद याच एककात ठेवा. एखाद्या पात्यावर अळ्यांचा झुबका असेल तर शेकडो एकदम कापडावर पसरतात. त्यांना चिमट्याने वेचत बसू नका, चिकटपट्टीने उचला आणि पट्टीवर मोजा.

निम्फ टोकदार चिमट्याने अलगद उचला. नखाने चिरडू नका. आतले द्रव्य बोटाच्या जखमेत जाऊ शकते. ओळख पटवण्यासाठीचे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये. विषाणू शोधायचा असेल तर गोचीड जिवंत किंवा गोठलेली हवी: जिवंत असेल तर हिरवे पान घातलेल्या झाकणबंद कुपीत, आइसबॉक्समध्ये, नाहीतर थेट कोरड्या बर्फावर आणि पुढे उणे ८० अंशांवर. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या नमुन्यातून आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, नीट मिळत नाही.

कुपीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आतही टाका. बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. चिठ्ठीवर तारीख, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, जागेचा प्रकार, किती मीटर ओढले, कोणी ओढले. या विषाणूचा जनुकक्रम सुमारे १०,८०० अक्षरांचा आहे. दोडामार्गच्या आणि शिमोग्याच्या नमुन्यांत किती अक्षरे बदलली आणि किती वर्षांत, यावरून दोन्ही शाखा कधी फुटल्या याचा अंदाज बांधतात. चिठ्ठीवर नुसते ‘सिंधुदुर्ग, उन्हाळा’ असेल तर तो अंदाज बांधणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

जाती ओळखण्याचे काम सूक्ष्मदर्शकाखाली, अनुभवी माणसाकडून, थंड ताटलीवर करावे. हिमाफायसॅलिसला डोळे नसतात, ऱ्हिपिसेफॅलसला असतात. पण नेमकी जाती ठरवायला एवढे पुरत नाही. मग एकाच जातीच्या, एकाच अवस्थेच्या, एकाच जागेच्या आणि दिवसाच्या २५ निम्फांचा, एकत्र तपासायचा, एक गट करा. दोन जागांचे निम्फ ‘संख्या भरावी’ म्हणून एकत्र केले तर विषाणू सापडूनही तो कुठला ते सांगता येत नाही. पुढचे दळणे, तपासणे हे योग्य जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. तिथे नमुना तीन थरांच्या वेष्टनात, आधी फोन करून पाठवा.

समजा ६०० निम्फांचे २४ गट झाले आणि दोनांत विषाणू सापडला. २ भागिले ६०० गुणिले १,०००, म्हणजे हजारी ३.३ हा किमान संसर्गदर. यात प्रत्येक बाधित गटात एकच बाधित निम्फ धरलेला असतो, त्यामुळे बरेच गट बाधित निघाले की हा आकडा खऱ्यापेक्षा कमी पडतो. तेव्हा गट लहान करावेत. काहीच सापडले नाही तरी ओढलेले मीटर आणि शून्य दोन्ही वहीत चढवा, आणि पंधरा दिवसांनी त्याच खुणेवर परत या.

रानातून आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाका. काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत शोधा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल ओतू नका, काडीने चटका देऊ नका. लक्षणे साधारण ३ ते ८ दिवसांत दिसतात: एकदम चढणारा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, कधी रक्तस्राव. त्या दिवसांत ताप आला तर लगेच आरोग्य केंद्रात जा आणि कोणत्या तारखेला, कोणत्या रानात गोचिडी गोळा केल्या हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा येतो, सोबत मान आखडणे किंवा भ्रम होतो. तेव्हाही तितक्याच तातडीने जा.