नर्सिंगला जाताय? फी भरण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल जवळ आला की सोलापुरात चौकाचौकांत फलक झळकतात : ‘एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी’. सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स वाईट नाही, पण तो करून नर्स होता येत नाही. नर्स म्हणून नाव लागतं ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीनं, आणि त्यासाठी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका, 2 वर्षे), जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका, 3 वर्षे) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (4 वर्षे) करावं लागतं. युनिफॉर्म जवळपास सारखाच, म्हणून घरच्यांना फरक कळत नाही. तो कळतो सिव्हिलच्या किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीत, फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांकाचा रकाना आला की.

म्हणून ऑफिसात बसल्यावर फीच्या आधी दोन प्रश्न विचारा. परीक्षा कोण घेतं? बी.एस्सी. असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएम-एएनएम असेल तर राज्याचं शुश्रूषा मंडळ, एवढं सरळ उत्तर आलं पाहिजे. दुसरा प्रश्न : प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, किती खाटांच्या? ‘करू की अॅडजस्ट’ असं ऐकू आलं तर पिशवी उचला आणि निघा. असिस्टंटचं वर्ष आधीच झालं असेल तर ते पुढं धरलं जात नाही, पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते. ‘थेट दुसऱ्या वर्षाला बसवतो’ म्हणणारा फसवतोय.

आर्ट्सच्या मुलींना ‘तुला नर्सिंग बंद’ असं सांगणारे खूप भेटतात. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच; जीएनएमला बारावीची कुठलीही शाखा चालते, 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म मात्र निकालाची वाट बघत ठेवू नका, तोवर तारीख निघून जाते.

कर्नाटकातलं विजयपूर, कलबुर्गी जवळ म्हणून तिकडं शिकायला जाणारेही बरेच. हरकत नाही, पण आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी, मग एनओसी (ना हरकत दाखला), मग महाराष्ट्रात नोंदणी, असा तो प्रवास आहे. पास झाल्या झाल्या सुरू करा.

कागदपत्रांत आपल्याकडचा खास घोळ आडनावाच्या स्पेलिंगचा. पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू वस्तीतल्या, कितीतरी घरांत ‘गड्डम’ दहावीच्या मार्कशीटवर एका डीनं आणि आधारवर दोन डीनं असतं. मार्कशीट प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या. एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), ओबीसीतून जागा हवी असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच टाका आणि नॉन क्रिमीलेअरची मुदत तपासा, ती 31 मार्चला संपते. ओरिजिनल कागद पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

आता ड्यूटीवरचं. नवीन मुलांना वाटतं इंजेक्शन टोचता आलं की झालं. घोळ त्याच्या आधीच होतो. आपल्या वॉर्डात एका वेळी दोन सिद्धराम, दोन मल्लिनाथ सहज असतात. ‘तुम्ही सिद्धराम ना?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस मान डोलावतोच. पूर्ण नाव त्यालाच सांगायला लावा, हातावरची पट्टी आणि केस पेपर ताडून बघा, मगच सिरिंज उघडा. अक्कलकोटकडच्या आजींना कानडीत ‘एल्लि नोवु?’ आणि पूर्व भागातल्या मावशींना तेलुगूत ‘एक्कड नोप्पि?’ (कुठं दुखतंय?) एवढं विचारता आलं तरी त्या बोट ठेवून दुखतं कुठं ते दाखवतात.

सलाईनचा वेग डोळ्यानं लावायची सवय तर आधी मोडा. 500 मिली 4 तासांत द्यायचं असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट 20 थेंबांना 1 मिलीचा असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. घड्याळ धरून मोजा आणि थोड्या वेळानं परत येऊन बघा, कारण पेशंटनं हात वाकवला की वेग बदलतो. औषध देण्याआधीच चार्टवर सही मारून ठेवणं ही दुसरी वाईट खोड. पेशंटनं उलटी केली किंवा तो एक्सरेला गेलेला असला, की चार्टवर डोस गेलेला दिसतो आणि पोटात काहीच नसतं. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका, तशीच नीडल कटरकडं न्या. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच तासात इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीसाठीचं औषध लागलं तर ते 72 तासांच्या आतच सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.