घरातला माणूस एखाद्या पंथाच्या आहारी जातोय: पकड कशी बसते, सैल कशी करायची

देवधर्म वाढला एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. वारीला गेलेला माणूस आषाढी झाली की घरी येतो, आणि पुढच्या वर्षी नाही गेला तर दिंडीतलं कुणी त्याच्याशी बोलणं टाकत नाही. म्हणून आधी एकच गोष्ट तपासा: उद्या हा संप्रदाय सोडायचं ठरवलं तर या माणसाला काय काय गमवावं लागेल? परतीच्या वाटा एकेक करून बुजत जातात आणि पकड बसते. गुरू काय शिकवतो हा भाग त्या मानाने दुय्यम आहे.

सुरुवात साधी असते. आजारपण, धंद्यातली खोट, परगावची नोकरी, मोडलेला संसार. कुणीतरी आपुलकीने चौकशी करतं, सत्संगाला नेतं. तिथे कुणी काही मागत नाही. मग गुरुवारचा उपवास येतो, मग थोडी ‘सेवा’, मग शिबिर, मग शिबिरासाठी रजा. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीपेक्षा जराशीच मोठी असते, त्यामुळे ‘इथे थांबावं’ असं वाटण्याची जागाच येत नाही. शिबिरात झोप कमी, फोन जमा आणि सगळ्यांसमोर आपल्या चुका सांगण्याचा कार्यक्रम. घरच्यांचं लक्ष देणगीच्या आकड्याकडे असतं, पण या कबुल्यांकडे जास्त लक्ष द्या. ज्याने आपली लफडी, कर्जं, घरातली भांडणं उघड करून ठेवली, तो सोडून जाताना दहादा विचार करतो.

जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूच्या ‘पीपल्स टेम्पल’ या पंथात हे सगळं ढळढळीत दिसतं. 1950 च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये काळे-गोरे एकत्र बसतील असं चर्च म्हणून ते सुरू झालं, आणि लोक आले ते याच चांगल्या कारणासाठी. पुढे कोंबडीची आतडी-काळीज दाखवून ‘कॅन्सरची गाठ बाहेर काढली’ असे चमत्कार झाले. अनुयायांकडून कोऱ्या कागदांवर सह्या आणि न केलेल्या गुन्ह्यांच्या लेखी कबुल्या घेतल्या गेल्या. घरं आणि पेन्शनचे चेक संस्थेकडे गेले. 1977 मध्ये शेकडो लोक दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात जोन्सटाउनला हलवले, तिथे पासपोर्ट काढून घेतले आणि लाउडस्पीकरवर जोन्सचा आवाज सतत चालू ठेवला. सामूहिक आत्महत्येच्या रंगीत तालमी झाल्या. 18 नोव्हेंबर 1978 रोजी तिथे 909 माणसं मेली, त्यांतली सुमारे 300 मुलं होती.

त्या दिवशी ठिणगी कशाने पडली, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. अमेरिकी खासदार लिओ रायन पाहणीला आले होते आणि काही अनुयायी त्यांच्याबरोबर उघडपणे निघाले. धावपट्टीवर गोळीबार झाला, रायन मारले गेले आणि मग विष वाटलं गेलं. इतक्या टोकाला फार थोडे पंथ जातात, पण माणूस निघायला लागला की दबाव सगळ्यात जास्त वाढतो, हे सगळीकडे खरं आहे. म्हणून निरोपाचं भाषण नको. मूळ कागदपत्रं, औषधं आणि राहायची जागा आधी हाताशी ठेवायची, कळवायचं नंतर.

पैशाची बाजू. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ चालवेल असं असेल, तर एकटा माणूस ते रिकामं करू शकतो. तो अजून ऐकतोय तोवरच ते दोघांच्या सहीवर आणा. रोख देणगी, पावती नाही, किंवा पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक नाही, हे वाईट लक्षण. न्यास खरा आहे का, ते धर्मादाय आयुक्त कार्यालयात कळतं. कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सगळे व्यवहार करायचा अधिकार) आणि बक्षीसपत्र (मोबदला न घेता मालमत्ता देऊन टाकणं) हे दोन कागद सगळ्यात घातक. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीशिवाय होत नाही, त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्तांची नोंद) अधूनमधून पाहत जा. शेतजमीन असेल तर फेरफाराची, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात, मात्र फेरफार अडला म्हणून बक्षीसपत्र रद्द होत नाही.

ते रद्द करायला दिवाणी दावा लागतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 16 मधला ‘अनुचित प्रभाव’, म्हणजे आपल्या वजनाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती, इथे कामी येतो. परलोकी कल्याण होईल असं सांगून गुरूने शिष्याची सगळी मिळकत लिहून घेतली, असं प्रकरण अलाहाबाद हायकोर्टात 1890 मध्येच आलं होतं आणि निकाल शिष्याच्या बाजूने लागला. दस्त रद्द करायची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं. पण देणारा हयात असेल तर दावा त्याने स्वतः लावावा लागतो. म्हणूनच त्याच्याशी बोलणं तुटू देऊ नका. जपानने डिसेंबर 2022 मध्ये कायदा करून, भीती घालून देणगी मागणं आणि देणगीसाठी कर्ज काढायला किंवा घर विकायला सांगणं, दोन्हीवर बंदी आणली. आपल्याकडे तशी थेट तरतूद नाही.

आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळ्या गोष्टींसाठी आहे: चमत्कार दाखवून फसवणं, भूत उतरवायला मारहाण, सर्पदंशावर डॉक्टरांकडे जाऊ न देणं, मागच्या जन्माचं नातं सांगून लैंगिक शोषण. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. निव्वळ देणगी देणं किंवा पाया पडणं यात बसत नाही. मूल अडकलं असेल तर मात्र थांबू नका, 1098 या चाइल्डलाइनला फोन करा.

बोलण्यात बहुतेक घरं एकच चूक करतात. ‘तुझा महाराज भोंदू आहे’ असं म्हटलं की खेळ संपतो, कारण ‘घरचे विरोध करतील, ती तुझी परीक्षा असेल’ हे तिथे आधीच शिकवलेलं असतं. गुरूचा पर्दाफाश करणारे व्हिडिओ पाठवणंही त्यातलंच. भाकीत खोटं ठरलं म्हणूनही माणसं उठून जात नाहीत: 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार म्हणून शिकागोजवळ बसलेल्या गटाने, पूर न आल्यावर, आम्ही पसरवलेल्या प्रकाशानेच जग वाचलं म्हणत उलट वर्तमानपत्रांना फोन केले. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकून गप्प बसा. सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोलतात? गुरूचं एखादं चुकलं तर सांगायचं कुणाला? गेल्या वर्षीच्या देणग्यांचा हिशोब कुणी दाखवला का? शंका त्याची त्याला आली पाहिजे.

बळजबरी तर नकोच. अमेरिकेत 1970 च्या दशकात टेड पॅट्रिकसारख्यांनी अनुयायांना पळवून, कोंडून ‘शुद्धीवर’ आणायचा उद्योग केला. काही परत फिरले, काही संधी मिळताच पंथात गेले आणि घरच्यांवर कायमचे उलटले. सज्ञान माणसाला कोंडणं आपल्याकडेही गुन्हा आहे. आठवड्यातून एक फोन, आईच्या तब्येतीच्या, भाच्याच्या शाळेच्या गप्पा, सणाला बोलावणं, त्यात पंथाचा विषय नाही. कंटाळवाणं वाटेल, पण वर्षभरानंतर रात्री अकराला फोन करायला माणसाला तेवढीच एक जागा उरलेली असते.

परत आल्यावर ‘आम्ही सांगत होतो ना’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. झोप उडणं, गुरूच्या शापाची भीती, फुकट गेलेल्या वर्षांची शरम हे काही महिने चालतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. त्या काळात जुने गुरुबंधू ‘सहज भेटायला’ येतील. त्यांच्याशी एकट्याला बसू देऊ नका आणि वकिलाने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही होऊ देऊ नका.