बर्लिनच्या क्लबात व्हीजेईंग करायला येताय? या चुका टाळा

बरीच वर्षं बर्लिनमध्ये क्लबात व्हीजेईंग करतोय, म्हणजे संगीताबरोबर पडद्यावर लाइव्ह व्हिज्युअल्स चालवतोय, आणि पुण्या-मुंबईहून गेस्ट म्हणून कोणी आलं की मराठी म्हणून त्याला बूथ दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. मुलं हुशार असतात, टचडिझायनरमध्ये (लाइव्ह व्हिज्युअल्स बनवायचं सॉफ्टवेअर) असलं काय काय करतात की मी नुसता बघत बसतो. पण चुका दर वेळी त्याच, अगदी त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

"लॅपटॉपला एचडीएमआय आहे ना, मग झालं"

नाही झालं. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. क्लबात व्हीजेची जागा एका कोपऱ्यात आणि प्रोजेक्टर पार दुसऱ्या टोकाला, मधे तीस-चाळीस मीटर केबल. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी भिंतीतून एसडीआय, म्हणजे लांब पल्ल्याची व्हिडिओ केबल, टाकलेली असते आणि तुमच्या टेबलावर एचडीएमआयचं एसडीआय करणारा एक छोटासा कन्व्हर्टर. हे कन्व्हर्टर बहुतेक वेळा स्वस्तातले, ते चित्र लहान-मोठं करत नाहीत, १०८०पी किंवा ७२०पी असा ठरलेला सिग्नल मिळाला तरच पुढे पाठवतात, नाहीतर काळा पडदा.

क्रॉइझबर्गमधल्या एका बेसमेंट क्लबातली गोष्ट. पुण्याचा एक मुलगा आला होता, नवा कोरा लॅपटॉप, पण त्याची स्क्रीन १९२० बाय १२०० आणि डिस्प्ले ड्युप्लिकेट मोडवर, म्हणजे बाहेरही १२००च जातंय. पडदा काळा. साउंडचेक संपत आला, क्लबचा टेक्निशियन जाकीट घालून निघायच्या तयारीत, आणि हा रेझोल्यूम, म्हणजे व्हीजेईंगचं सॉफ्टवेअर, तिसऱ्यांदा इन्स्टॉल करतोय! मी म्हटलं, अरे सॉफ्टवेअरला कशाला हात लावतोस, डिस्प्ले सेटिंग उघड. एक्स्टेंड केलं, १९२० बाय १०८०, ५० हर्ट्झ, लगेच चित्र आलं. तो म्हणाला, "दादा एवढंच होतं?" हो बाबा, एवढंच असतं.

पण खरी मजा रात्री दोनला. नाचणाऱ्या कोणाचा तरी धक्का लागला, केबल क्षणभर हलली. आता होतं काय, की समोरचा डिव्हाइस लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगत असतो, माझं रिझोल्यूशन एवढं, रिफ्रेश रेट एवढा, त्याला ईडीआयडी म्हणतात. ती ओळख सुटली की लॅपटॉपला वाटतं दुसरी स्क्रीन काढून घेतली, आणि फुलस्क्रीन आउटपुट बंद. याने घाबरून विंडोज-पी दाबलं आणि 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडलं. सहा मीटरच्या पडद्यावर साहेबांचा डेस्कटॉप: पासपोर्टचा स्कॅन, व्हिसा अपॉइंटमेंटची पीडीएफ, आणि 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' असे फोल्डर. पब्लिकला वाटलं हे मुद्दाम आहे, टाळ्या पडल्या. बर्लिनमध्ये निभावतं असलं.

यावर उपाय म्हणजे ईडीआयडी एम्युलेटर, अंगठ्याएवढा प्लग. तो लॅपटॉप आणि केबलच्या मधे लावला की पुढे काहीही सुटू दे, लॅपटॉपला स्क्रीन जोडलेलीच वाटते, केबल परत खोचली की चित्र परत. मी तो आणि स्वतःचा एक स्केलर (सिग्नलचं रिझोल्यूशन बदलणारा डबा) नेहमी बॅगेत ठेवतो, आणि केबलला टेबलापाशी गाफर टेपने (स्टेजवरची कापडी टेप) असा वळसा मारून चिकटवतो की ओढ पोर्टवर येणारच नाही. शिवाय आठवडाभर आधी ऑर्गनायझरला मेल टाकायचा: प्रोजेक्टर की एलईडी, किती पिक्सेल, केबल कुठली, टेक्निशियन किती वाजेपर्यंत. उत्तर नाही आलं तर परत टाका. लाजू नका, इकडे असे प्रश्न विचारणारा माणूस कामाचा समजतात.

डाउनलोड केलेल्या क्लिपा तशाच टाकणं

दुसरं माझं आवडतं दुखणं. नेटवरून आलेली एमपी४ फाइल बहुधा एच.२६४ या कॉम्प्रेशनमध्ये असते. त्यात पूर्ण फ्रेम अधूनमधून एखादीच, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं. घरी बसून सिनेमा बघायला उत्तम. पण लाइव्हमध्ये तुम्ही क्लिप उलटी फिरवता, मधेच उडी मारता, चार लेयर एकावर एक चढवता, तेव्हा दर वेळी मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत यावं लागतं आणि लॅपटॉप धापा टाकतो. मग मला विचारतात, "दादा, कुठलं ग्राफिक कार्ड घेऊ?" अरे कार्डाचा दोष नाही रे!

म्हणून क्लिपा व्हीजेईंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या: रेझोल्यूमवर असाल तर डीएक्सव्ही, इतर सॉफ्टवेअर असेल तर हॅप. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडायचं बरंचसं काम थेट ग्राफिक कार्डावर होतं. कन्व्हर्ट करायला रेझोल्यूमचं ॲली फुकट आहे. फाइल मात्र फुगते, १०८०पी साधा हॅप २५ फ्रेमला सेकंदाला साधारण २५ एमबीपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाची क्लिप दीड जीबीच्या घरात. म्हणून एसएसडी हवी. पेनड्राइव्हवरून चार लेयर चालवायला निघालेले लोक मी पाहिलेत, त्यांना काय बोलणार. आणि हे कन्व्हर्जन घरीच करून या, रात्रभर लावून झोपा. एअरपोर्टवर बसून करू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मला माहितीये.

एलईडी वॉलसाठी फोर-के कशाला आणता तेही एकदा सांगा. अर्ध्या मीटरचं ३.९ मिलिमीटर पिचचं (दोन पिक्सेलमधलं अंतर) पॅनल म्हणजे १२८ बाय १२८ पिक्सेल. तीन मीटर बाय दोन मीटरची वॉल झाली ७६८ बाय ५१२, संपलं. बारीक रेषा तिथे नुसत्या लुकलुकतात. आणि ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली ठेवा, अंधारात लोक नाचायला आलेत.

स्ट्रोब, स्ट्रोब आणि स्ट्रोब

स्ट्रोब म्हणजे भराभर मारलेले फ्लॅश, आणि याबाबतीत मी कडक आहे. फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असणाऱ्याला फ्लॅशने झटका येऊ शकतो, गडद लाल रंगाचा फ्लॅश तर जास्तच वाईट. टीव्ही आणि वेबच्या नियमांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत असं साधारण धरतात. आता गणित करा: १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) दर बीटला फ्लॅश म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन, पण अर्ध्या बीटला लावला की चारच्या वर. नवशिके सरळ पाव बीटवर ठेवून बिअर आणायला जातात. लाइटवाला आधीच स्ट्रोब मारतोय, त्याच्याशी बोला, दोघांनी एकदम मारू नका. मी पूर्ण पडद्याचा फ्लॅश वापरतच नाही, एखादा कोपरा उजळवतो. तुम्हाला बोअर वाटत असेल तर वाटू दे.

बाकीचं भराभर.

लॅपटॉपच्या माइकवर ऑडिओ रिॲक्टिव्ह (आवाजावर आपोआप हलणारी) व्हिज्युअल्स चालवू नका, क्लबात माइकमध्ये आवाज नुसता फाटतो. मिक्सरच्या आउटपुटमधून लाइन मागा, मधे आयसोलेटर (दोन यंत्रांमधला थेट विजेचा संबंध तोडणारा छोटा डबा) लावा म्हणजे हम, ती घुमणारी गुणगुण, येत नाही. आणि प्रत्येक गोष्ट किकवर, म्हणजे ड्रमच्या ठोक्यावर, उड्या मारायला लावणं हा आळस आहे, फेडरवर (वरखाली सरकवायच्या बटणावर) हात ठेवा.

वीस क्लिपा घेऊन येऊ नका. इकडे वीकेंडला पार्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहज चालते, कधी सोमवारपर्यंत. सहा तास तुम्ही उभे असाल. क्लिपा हळू चालवा, मधे दहा मिनिटं पडदा काळा ठेवा, कोणी मरत नाही. धूर सोडला की प्रोजेक्शनचा कॉन्ट्रास्ट जातो, तेव्हा काळ्यावर पांढरे ठसठशीत आकारच टिकतात.

ऑर्गनायझर म्हणेल, इंडियन आहेस ना, मग गणपती टाक, ओम टाक. बारच्या डोक्यावर गणपती मी टाकत नाही, विषय संपला. आपलीच काही मुलं स्टॉक लूप (तयार मिळणाऱ्या, फिरत राहणाऱ्या क्लिपा) घेऊन आपणहून टाकतात, त्याचं जास्त वाईट वाटतं.

रीलसाठी येत असाल तर विसरा. बऱ्याच क्लबात दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. स्वतःचं काम शूट करायचं असेल तर साउंडचेकला, विचारून.

नोटिफिकेशन, स्लीप, विंडोज अपडेट बंद. चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिक कार्डाचा वेग कापतो. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण आपली तीन पिनांची जाड प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, ॲडॉप्टर दोन आणा. पॉवरबँक हॅण्डबॅगेतच.

टुरिस्ट व्हिसावर येऊन मानधन घ्यायचे उद्योग करू नका. ऑर्गनायझरचं पत्र जोडा, अर्जात खरं कारण लिहा, आणि हे दोन-तीन महिने आधी.

आणि आपल्या सगळ्या केबलींना एकाच भडक रंगाची टेप लावा. पहाटे पॅकअपला सगळ्या केबल काळ्याच दिसतात, आणि क्लबचा कन्व्हर्टर चुकून बॅगेत घालून नेणाऱ्याला परत कोणी बोलवत नाही.